होटगीचा सांधा

संगणक सुरू होतो, कंपनीचं चिन्ह झळकतं आणि नंतर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘ग्रब रेस्क्यू’ एवढंच उमटतं. शेजारी लुकलुकणारा कर्सर. असं मशीन उचलून नवी पेठेतल्या दुरुस्तीच्या काउंटरवर ठेवलं की पुढचं बोलणं जवळजवळ ठरलेलं असतं.

“दादा, काल संध्याकाळपर्यंत चांगलं चालत होतं. आज चालूच होईना.”

“लिनक्स टाकलंय का ह्याच्यात?”

“पोरानं टाकलंय. कॉलेजला लागतंय म्हणला.”

“मग फॉर्मॅट मारावं लागंल मालक. डाटा गेला तर आमच्याकडं नाही बघा.”

ह्यातलं शेवटचं वाक्य बहुतेक वेळा गरज नसताना बोललं जातं. विंडोज जागच्या जागी असतं, लिनक्सही असतं, टॅलीतली मार्चअखेरची खाती आणि पोराचा प्रोजेक्टही असतो. बिघडलेली असते ती त्यांच्याकडं नेणारी वाट, आणि तीही काही मेगाबाइटांची. मागावर एक धागा तुटला म्हणून सगळा ताणा कापून टाक, असं सोलापुरात एखाद्या विणकराला सांगून बघावं. तो गाठ मारतो आणि माग पुढं चालू करतो. फॉर्मॅटचा सल्ला मात्र आपण मुकाट ऐकून घेतो, कारण तुटलेला धागा डोळ्यांना दिसत नाही.

तो दिसावा म्हणून होटगीला जाऊ. सोलापूर सोडल्यावर पंधराएक किलोमीटरवर होटगी जंक्शन लागतं. तिथं रूळ फुटतात. एक फाटा विजापूरवरून गदगकडं जातो, दुसरा अक्कलकोट रोड, दुधनीवरून कलबुर्गी-वाडीकडं. सांधा कुठल्या बाजूला लागलाय त्यावर गाडी कुठं जाणार ते ठरतं. सांधा अडकला तर गाडी उभी राहते. पण म्हणून इंजिन मोडलं, डबे जळाले किंवा विजापूर नकाशावरून पुसलं गेलं असं कुणी म्हणत नाही. बूटलोडर हा तो सांधा; लिनक्ससोबत येणाऱ्या बूटलोडरचं नाव ग्रब. मदरबोर्डमध्येच बसवलेला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, गाडी सोडतं, बूटलोडर तिला ह्या नाहीतर त्या रुळाला लावतो आणि बाजूला होतो. काम दोन-चार सेकंदांचं, पण त्याच्याशिवाय पुढं काही नाही.

सध्या असे सांधे शहरात वाढण्याचं एक कारण तारखेनिशी सांगता येतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. टॉवेल-चादरीच्या गाळ्यांमधली, सुताच्या पेढ्यांमधली सात-आठ वर्षांहून जुनी बरीच मशीनं त्यात बसत नाहीत. जुन्या मशीनवर लिनक्स छान पळतं, पण हिशेबाची टॅली विंडोजवर. मग एकाच डिस्कवर दोन्ही. निर्णय शहाणपणाचा आहे. फक्त एका घरात दोन बिऱ्हाडं आली की दाराची किल्ली कुणाकडं, हा प्रश्न कधीतरी निघतोच.

ही किल्ली कुठं असते ते मशीनच्या वयावर अवलंबून. फर्मवेअरच्या जुन्या, बायॉस नावाच्या पद्धतीत ती डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, ५१२ बाइटांत. त्यातले ४४६ बाइट बूट कोडचे, ६४ पार्टिशन टेबलचे, म्हणजे डिस्कच्या वाट्यांच्या यादीचे (१६ बाइटांच्या चार नोंदी) आणि उरलेले २ सहीचे. ४४६ बाइटांत लिनक्सची फाइलसिस्टीम (फायली मांडण्याची पद्धत) वाचू शकेल असं काही मावत नाही. म्हणून ग्रब तिथं फक्त पायरीचा दगड ठेवतो आणि खरा ऐवज, ज्याला ‘कोअर इमेज’ म्हणतात, तो पहिल्या सेक्टरनंतर आणि पहिल्या पार्टिशनच्या आधी असलेल्या मोकळ्या पट्ट्यात. हल्ली पहिलं पार्टिशन २०४८व्या सेक्टरपासून सुरू होतं, त्यामुळं हा पट्टा जवळजवळ १ एमबीचा असतो. विंडोज नव्यानं टाकलं की ते पहिला सेक्टर आपल्या नावावर करून घेतं. विचारत नाही.

नव्या, म्हणजे युईएफआय पद्धतीचं फर्मवेअर असलेल्या मशीनमध्ये वेगळं आहे. डिस्कवर फॅट३२ मधलं एक लहान पार्टिशन असतं, ईएसपी नावाचं. विंडोजच्या इन्स्टॉलरनं केलं असेल तर बहुधा १०० एमबीचं. त्यात ‘ईएफआय’ नावाचं फोल्डर, आणि त्याच्या पोटात ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘उबुंटू’ (लिनक्सचा एक प्रकार) आणि ‘बूट’ अशी शेजारी शेजारी घरं. विंडोजच्या घरात ‘बूटएमजीएफडब्ल्यू’ ही फाइल, उबुंटूच्या घरात ‘शिमएक्स६४’ आणि ‘ग्रबएक्स६४’. शिम म्हणजे सही दाखवून ग्रबला आत नेणारा. ह्या फायली कुठं आहेत आणि आधी कुणाला बोलवायचं, ही यादी मात्र डिस्कवर नसते. ती मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मृतीत असते. कोणाला आत सोडायचं हे सह्या तपासून ठरवणारा पहारेकरी म्हणजे सिक्युअर बूट. तेव्हा नव्या मशीनमध्ये मोडण्याच्या जागा मोजक्याच: फाइल गेली, यादी बिघडली, सही नाकारली, किंवा ग्रब सुरू झाला पण त्याला स्वतःची मेनू-फाइल सापडली नाही. कुठली जागा मोडली हे पडद्यावरची ओळ सांगते. तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दुकानात “काहीतरी काळं येतंय” एवढं सांगण्यापेक्षा त्या फोटोनं निम्मं निदान होतं.

सगळ्यात साधा प्रकार: विंडोज अपडेट झालं आणि आता मशीन थेट विंडोजमध्येच जातं, मेनू येतच नाही. इथं बहुतेकदा काहीही मोडलेलं नसतं, यादीतला क्रम बदललेला असतो. मशीन चालू करताना बूट मेनूची कळ दाबत राहायची. डेलला एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, लेनोव्होला एफ१२, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. जोडून घेतलेल्या मशीनमध्ये गिगाबाइटचा बोर्ड असेल तर एफ१२, एमएसआयचा असेल तर एफ११. एसरलाही एफ१२, पण काही मॉडेलांत ती कळ आधी सेटअपमध्ये जाऊन चालू करावी लागते. त्या यादीत ‘उबुंटू’ दिसलं आणि निवडल्यावर लिनक्स उघडलं, तर सांधा शाबूत आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आज्ञा लिहायच्या खिडकीत, ‘ईएफआयबूटएमजीआर’ दिलं की सगळ्या नोंदी आकड्यांसह दिसतात. त्याच आज्ञेला ‘ओ’ हा पर्याय लावून आकडे हव्या त्या क्रमानं लिहायचे, उबुंटूचा आधी. पाच मिनिटांचं काम.

काही फर्मवेअर हट्टी असतात. क्रम कितीही बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा विंडोज पहिलं. त्यांना यादीतलं फक्त ‘विंडोज बूट मॅनेजर’ हे नाव ओळखता येतं. अशांसाठी उपाय विंडोजकडूनच करायचा: अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि ‘बीसीडीएडिट’नं बूट मॅनेजरचा मार्ग शिमच्या फाइलकडं वळवायचा. दारावर पाटी विंडोजची, आत माणूस ग्रबचा. दिसायला लबाडी, पण चालते.

ह्याच्या पुढचं काही करण्याआधी थांबायचं ते एका गोष्टीसाठी. विंडोजची डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद आहे का ते बघा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्यानं बसवलेल्या मशीनवर, मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की हे कूटबद्धीकरण बहुधा आपोआप चालू होतं, मालकाला पत्ताही नसतो. सिक्युअर बूट बंद-चालू केलं किंवा बूटचा रस्ता बदलला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डाटा खरोखरच गेला. इथं दुकानदाराची ती ठरलेली धमकी एकदम खरी होते. म्हणून मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरून ती की आधी कागदावर उतरवायची. कागदावर. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर फाइल करून ठेवण्यात काय अर्थ आहे?

आता तो ‘ग्रब रेस्क्यू’. तो बहुधा जुन्या बायॉस पद्धतीच्या मशीनवर भेटतो आणि कारण बहुधा माणसानंच केलेलं असतं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन कुणीतरी सी छोटं करून नवं डी काढलेलं असतं, किंवा “हे कसलं पार्टिशन, ह्याला तर ड्राइव्हचं नावच नाही” म्हणून लिनक्सचं पार्टिशनच पुसलेलं असतं. कोअर इमेजमध्ये पार्टिशनचा नंबर कोरलेला असतो. काल लिनक्स पाचव्या नंबरवर होतं, मध्ये एक पार्टिशन आल्यानं आज सहाव्यावर गेलं, तर ग्रब पाचव्याचंच दार ठोठावत बसतो. ‘अननोन फाइलसिस्टीम’ ही वरची ओळ त्याचीच. पुसलंच असेल तर ‘नो सच पार्टिशन’.

ह्या ठिकाणी घाबरून पॉवरचं बटण दाबण्याऐवजी त्याच्याशी बोलावं. आज्ञा इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. मशीनवर त्या अर्थातच रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप करायच्या.

आधी पेनड्राइव्ह, कार्ड रीडर सगळं काढून टाका. पेनड्राइव्ह लावलेला असला तर कधी तोच ‘एचडी०’ होऊन बसतो आणि तासभर चुकीच्या डिस्कमध्ये शोधत बसावं लागतं. मग नुसतं ‘एलएस’. उत्तरात (एचडी०) (एचडी०,जीपीटी१) (एचडी०,जीपीटी२) अशी माळ येते. जीपीटी म्हणजे नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल; जुन्या टेबलावर त्याच्या जागी एमएसडॉस दिसेल. डिस्क शून्यापासून मोजतात, पार्टिशनं एकपासून, आणि ह्या विसंगतीनं भल्याभल्यांना चकवलंय. आता एकेकाच्या दारात डोकवायचं:

एलएस (एचडी०,जीपीटी५)/

विंडोजचं पार्टिशन असेल तर ‘अननोन फाइलसिस्टीम’. ते वाचून दचकू नये. ह्या अवस्थेत ग्रबजवळ विंडोजची भाषा वाचणारं मॉड्यूल नसतं, एवढाच त्याचा अर्थ. लिनक्सचं सापडलं की ‘बूट’, ‘ईटीसी’, ‘होम’, ‘यूएसआर’ अशी नावं ओळीनं येतात. समजा ती सहाव्यात आली. मग तीन ओळी:

सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी६)/बूट/ग्रब
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

पहिल्या ओळीत बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही. चिन्हाच्या पुढं सोडली तर ग्रब तक्रार करत नाही, आणि दुसऱ्या ओळीला मात्र ‘फाइल नॉट फाउंड’ म्हणतो. ह्या एका मोकळ्या जागेपायी किती मशीनं फॉर्मॅट झाली असतील कोण जाणे. बूटचं वेगळं पार्टिशन केलेलं असेल तर मार्गातला ‘/बूट’ गाळून नुसतं ‘/ग्रब’ लिहायचं. तिसऱ्या ओळीनंतर एंटर दाबलं की तो जांभळा किंवा काळा नेहमीचा मेनू समोर येतो. दिसला की हायसं वाटतं खरं, पण काम संपलेलं नाही. हा सांधा हातानं दाबून धरलेला आहे. पुढच्या वेळी मशीन पुन्हा पाचव्या दारीच जाईल. लिनक्स उघडलं की लगेच टर्मिनलमध्ये ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’ आणि मागोमाग ‘सुडो अपडेट-ग्रब’. बायॉस मशीनवर इथं पूर्ण डिस्कचं नाव द्यायचं, पार्टिशनच्या नंबराशिवाय. ‘एसडीए६’ लिहिलं तर ग्रब त्या पार्टिशनच्या तोंडाशी बसायला बघतो, आणि ती जागा त्याची नाही.

युईएफआय मशीनवर ह्याच गोंधळात सहसा ‘रेस्क्यू’ हा शब्द येत नाही, नुसतं ‘ग्रब’ आणि बाणाचं चिन्ह येतं. हा थोरला भाऊ आहे, त्याच्याकडं मॉड्यूलं जास्त असतात आणि टॅबची कळ दाबून नावं पुरी करून घेता येतात. मेनूची फाइल जागेवर असेल तर ‘कॉन्फिगफाइल’ लिहून पुढं तिचा पूर्ण मार्ग, (एचडी०,जीपीटी६)/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी, एवढं पुरतं. ती फाइलच नसेल तर गाडी हातानं सोडायची: ‘सेट रूट’नं पार्टिशन ठरवायचं, ‘लिनक्स’ आज्ञेला कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, फाइल आणि रूटचं, म्हणजे लिनक्सच्या पार्टिशनचं, नाव द्यायचं, ‘इनिटआरडी’ला तिची जोडीदार, सुरुवातीला लागणारी फाइल, आणि शेवटी ‘बूट’. कर्नल आणि इनिटआरडी एकाच आवृत्तीची असली पाहिजेत. रूटचं नाव देताना साटा डिस्क असेल तर ‘/डेव्ह/एसडीए६’. एनव्हीएमई असेल तर ‘/डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी६’. त्यातला ‘पी’ विसरला की कर्नल चालू होतो आणि मधेच रूट सापडत नाही म्हणून अडतो.

हातानंही गाडी सुटेना, तर लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्याच्यावरूनच लिनक्स चालतं असा. उबुंटू २४.०४ ची इन्स्टॉलेशनची फाइल ६ जीबीच्या आसपास आहे, म्हणजे ८ जीबीचा पेनड्राइव्ह हवा. लिनक्स मिंटला ४ जीबीचाही पुरतो. इथं सगळ्यात जास्त होणारी चूक अशी की मशीनवर दोन्ही प्रणाली युईएफआय पद्धतीनं बसवलेल्या असतात आणि पेनड्राइव्ह मात्र बायॉस पद्धतीनं उघडला जातो. बूट मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसत असेल तर ज्याच्या आधी ‘युईएफआय’ लिहिलंय तोच निवडायचा. खात्री करायला, ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हे फोल्डर आहे का ते बघायचं. नसेल तर मशीन बंद करून पुन्हा योग्य पद्धतीनं उघडायचं; पुढच्या सगळ्या आज्ञा तोपर्यंत व्यर्थ.

मग ‘एलएसबीएलके’ला ‘एफ’ लावून पार्टिशनांची यादी काढायची. एक्स्ट४ लिहिलेलं मोठं ते लिनक्सचं, एनटीएफएस ती विंडोजची, आणि व्हीफॅट लिहिलेलं लहानगं ते ईएसपी. आता पेनड्राइव्हवरच्या लिनक्समधून डिस्कवरच्या लिनक्समध्ये परकायाप्रवेश करायचा. लिनक्सचं पार्टिशन ‘/एमएनटी’वर माउंट करायचं म्हणजे त्या फोल्डरला जोडायचं, ईएसपी ‘/एमएनटी/बूट/ईएफआय’वर माउंट, आणि मग ‘डेव्ह’, ‘प्रॉक’, ‘सिस’, ‘रन’ ही चार फोल्डरं ‘माउंट’ला ‘आरबाइंड’ लावून आत जोडून द्यायची. शेवटी ‘सुडो सीएचरूट /एमएनटी’. बाहेरून काही बदललेलं दिसत नाही, पण आता दिलेली प्रत्येक आज्ञा डिस्कवरच्या लिनक्सच्या अंगात शिरून चालते. इथं ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ द्यायचं. युईएफआय असल्यानं डिस्कचं नाव द्यायची गरज नाही.

ह्यात कुठं काय राहिलं ते चुकीच्या संदेशावरून कळतं. ‘फेल्ड टू गेट कॅनॉनिकल पाथ ऑफ काऊ’ असं आलं तर सीएचरूट करायचंच राहिलंय. काऊचा गायीशी संबंध नाही, पेनड्राइव्हवरच्या तात्पुरत्या फाइलसिस्टीमचं ते नाव. ‘इज डेव्ह माउंटेड’ असा प्रश्न आला तर चार फोल्डरं जोडायची राहिली. ‘ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड’ आलं तर पेनड्राइव्ह बायॉस पद्धतीनं उघडलाय, किंवा ‘सिस’ जोडताना त्याच्या पोटातलं ‘ईएफआयव्हार्स’ सोबत आलेलं नाही. म्हणूनच नुसत्या ‘बाइंड’ऐवजी ‘आरबाइंड’ सांगितलं. फाइलसिस्टीम बीटीआरएफएस असेल तर माउंट करताना सबव्हॉल्यूमचं नाव द्यावं लागतं, कूटबद्ध लिनक्स असेल तर आधी ‘क्रिप्टसेटअप’नं कुलूप उघडावं लागतं.

बूट-रिपेअर नावाचं एक बटणवालं साधनही आहे. एका क्लिकमध्ये ते हेच सगळं करतं, आणि साध्या बिघाडात बरोबर करतं. पण ते काय करतंय हे माहीत नसताना दोन डिस्कांच्या मशीनवर ते वापरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यातला दुरुस्तीशिवाय नुसता अहवाल काढण्याचा पर्याय मात्र उत्तम. सगळ्या पार्टिशनांची कुंडली एका फाइलमध्ये मिळते.

मेनू आला, पण त्यात विंडोजच नाही. हा प्रकार लोकांना सगळ्यात जास्त घाबरवतो आणि तोच सगळ्यात निरुपद्रवी आहे. ग्रबच्या २०२१ मध्ये आलेल्या २.०६ आवृत्तीपासून, दुसऱ्या प्रणाली शोधणारं ‘ओएस-प्रोबर’ सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवलेलं असतं. ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ ह्या फाइलमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर’ ही ओळ ‘फॉल्स’ करायची, ती नसेल तर नवी लिहायची, आणि ‘अपडेट-ग्रब’ पुन्हा चालवायचं. शेवटच्या काही ओळींत ‘फाउंड विंडोज बूट मॅनेजर’ दिसलं की मिळालं.

ते शोधूनही सापडलं नाही तर मात्र ईएसपीमधलं विंडोजचं घर रिकामं झालेलं असतं. लिनक्स टाकताना ईएसपीपुढच्या ‘फॉर्मॅट’च्या चौकटीत खूण राहिली की असं होतं. दोघांचं सामायिक अंगण एकानं नांगरून टाकलं म्हणायचं. त्यावर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह लागतो. त्यातून ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’मधून कमांड प्रॉम्प्टपर्यंत जायचं, ‘डिस्कपार्ट’मध्ये डिस्क निवडायची, फॅट३२चं ते लहान पार्टिशन निवडायचं आणि त्याला ‘एस’ हे अक्षर द्यायचं. बाहेर येऊन ‘बीसीडीबूट’ला तीन गोष्टी सांगायच्या: विंडोजचं फोल्डर, ‘/एस’पुढं ते अक्षर, आणि ‘/एफ’पुढं युईएफआय. फसगत इथं अशी की ह्या वातावरणात विंडोजचं पार्टिशन सी असेलच असं नाही, ते डीसुद्धा होतं. आधी ‘डीआयआर’ करून विंडोज फोल्डर कुठं आहे ते पाहावं. जुन्या लेखांत सांगितलेलं ‘बूटरेक’चं ‘फिक्सबूट’ युईएफआय मशीनवर बहुधा ‘अॅक्सेस इज डिनाइड’ म्हणून हात झटकतं. त्याच्या नादी लागूच नये. ‘फिक्सएमबीआर’ तर जुन्या पहिल्या सेक्टरसाठी आहे, त्याचा इथं उपयोग नाही.

सही नाकारण्याचा प्रकार १३ ऑगस्ट २०२४ नंतर जगभर गाजला. त्या दिवशीच्या विंडोज अपडेटनं जुन्या, सुरक्षेत भोक असलेल्या ग्रबांना अडवणारी ‘एसबॅट’ची नवी यादी मशीनमध्ये लिहिली. दुहेरी मशीनांना ती लागू होणार नव्हती. प्रत्यक्षात बरीच दुहेरी मशीनं त्या अपडेटला ओळखता आली नाहीत आणि यादी त्यांनाही लागू झाली. पडद्यावर ‘व्हेरिफाइंग शिम एसबॅट डाटा फेल्ड’, त्याखाली ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ आणि मशीन बंद. घाबरवण्याची कला ह्या वाक्यांकडून शिकावी. उपाय: सेटअपमध्ये सिक्युअर बूट बंद करायचं (बिटलॉकरची की हातात ठेवून), लिनक्स उघडायचं, ‘मॉकयुटिल’ला ‘सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ सांगायचं, एकदा लिनक्समध्येच रीस्टार्ट करायचं, लिनक्सचे सगळे अपडेट घ्यायचे म्हणजे नवा शिम येईल, आणि मगच सिक्युअर बूट परत चालू करायचं. ते कायमचं बंद ठेवून मोकळं होणारे खूप आहेत. चालतं, पण कुलूप बिघडलं म्हणून दार उघडं टाकण्यातलाच तो प्रकार.

आणि एक तोतया बिघाड, खास आपल्याकडचा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी पारा ४३-४४ला टेकतो, संध्याकाळी वळवाचा वारा सुटतो आणि लाईट जाते. नेमका त्याच वेळी लिनक्सचा कर्नल अपडेट होत असला तर इनिटआरडीची फाइल अर्धवट राहते. पुढच्या वेळी मेनू व्यवस्थित येतो, पण निवडल्यावर ‘अनएबल टू माउंट रूट एफएस’ म्हणत कर्नल पॅनिक. लोक ग्रब पुन्हा टाकत बसतात. ग्रब इथं निर्दोष आहे. मेनूतल्या ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडायचा, तो उघडतो, आत जाऊन ‘डीपीकेजी’ला ‘कॉन्फिगर’ आणि ‘ए’ लावून अर्धं राहिलेलं काम पुरं करून घ्यायचं. जुना कर्नल जागा खातो म्हणून पुसणाऱ्यांना ही वाट राहत नाही. डेस्कटॉप असेल तर अपडेटच्या वेळी यूपीएस असावा, त्याची बॅटरी निदान दहा मिनिटं टिकते का ते पाहून घ्यावं.

लाईटवरून आठवलं, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल. तो ३ व्होल्टचा असतो. उतरला की घड्याळ मागं जातं आणि सेटअपची मांडणी मूळपदावर येते. साटाची पद्धत एएचसीआयवरून रेडवर गेली की विंडोज उघडता उघडता निळा पडदा दाखवतं. दोन्ही प्रणाली एकदम मेल्यासारख्या वाटतात, आणि दुखणं पन्नासेक रुपयांच्या सेलचं. तारीख काही वर्षं मागची दिसत असेल तर आधी सेल बदलावा, मग बूटलोडरचा विचार.

तारीख बरोबर पण वेळ बरोबर साडेपाच तास मागं किंवा पुढं, हे मात्र सेलचं काम नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज भारतातली. दोघं आलटूनपालटून एकमेकांचं घड्याळ दुरुस्त करतात. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ दिलं की भांडण मिटतं. हे किरकोळ वाटतं, पण इनव्हॉइसवर चुकीची तारीख पडली की जीएसटीच्या कामात ते अजिबात किरकोळ राहत नाही. तसंच विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावं. ते चालू असलं की विंडोज खरं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहू देत नाही. ‘पॉवरसीएफजी’ला ‘/एच ऑफ’ एवढंच सांगायचं.

शेवटी मेनू कुणासाठी, हे ठरवून टाकावं. ‘ग्रब_डीफॉल्ट’ला ‘सेव्ह्ड’ लिहून ‘सेव्हडीफॉल्ट’ चालू केलं तर शेवटी निवडलेली प्रणाली लक्षात राहते. एकट्याच्या लॅपटॉपवर ते छान. पण गाळ्यातल्या मशीनवर रात्री पोरगं लिनक्स उघडून बसतं आणि सकाळी दिवाणजी बटण दाबतात, तिथं नको. तिथं ‘ग्रब_डीफॉल्ट’मध्ये विंडोजच्या नोंदीचं मेनूत दिसतं तसं पूर्ण नाव अवतरणात लिहावं; नंबर लिहू नये, यादी बदलली की नंबर सरकतो. ‘ग्रब_टाइमआउट’ दहा सेकंद. मग ‘अपडेट-ग्रब’. सकाळी दिवाणजींनी बटण दाबायचं, उदबत्ती लावायची, आणि ती गणपतीच्या तसबिरीपुढं खोचून खुर्चीत येईपर्यंत टॅलीचा पडदा समोर.